डॅलसच्या पेढीचे थोरले चिरंजीव

अमेरिकेतील टेक्सास प्रांतातल्या डॅलस शहरात मेन आणि एर्वे या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९१४ सालापासून एक दुकान उभे आहे. दरवाजावरच्या पाटीवर दोन आडनावे आहेत : नीमन आणि मार्कस. त्यांपैकी नीमन हे गृहस्थ १९२८ सालीच पेढीतून बाहेर पडले. मार्कस घराण्याच्या हातातूनही ही पेढी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी गेली. पाटी मात्र तशीच राहिली. या पाटीला जगभर नाव मिळवून देणारे स्टॅन्ली मार्कस हे संस्थापकांचे थोरले चिरंजीव. वडिलोपार्जित धंद्यात इच्छा नसताना शिरलेला, मग त्याच धंद्यात आयुष्य वेचणारा, आणि अखेर स्वतःच्या सहीने तो दुसऱ्याच्या स्वाधीन करणारा मुलगा, ही गोष्ट आपल्यापैकी अनेक घरांना परकी वाटणार नाही.

पेढीच्या जन्माची कथा स्टॅन्ली मार्कस स्वतः मोठ्या मिस्किलपणे सांगत. त्यांचे वडील हर्बर्ट मार्कस हे डॅलसमधील सँगर ब्रदर्स या जुन्या दुकानात नोकरीला होते. १९०५ साली मुलगा झाला, खर्च वाढला, म्हणून त्यांनी पगारवाढ मागितली. मिळालेली वाढ इतकी तुटपुंजी होती की त्यांनी नोकरी सोडली. हर्बर्ट यांची धाकटी बहीण कॅरी आणि तिचे यजमान अब्राहम लिंकन नीमन यांना बरोबर घेऊन ते जॉर्जिया प्रांतातील अटलांटा शहरी गेले आणि तेथे दुकानांना विक्री वाढवून देण्याचा धंदा त्यांनी सुरू केला. धंदा चालला. दोन वर्षांतच तो विकत घेऊ इच्छिणारे गिऱ्हाईक आले. त्याने दोन पर्याय ठेवले : पंचवीस हजार डॉलर रोख, किंवा कोकाकोला नावाच्या त्या वेळी फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या पेयाचा एका प्रांतापुरता मक्ता. तिघांनी विचार करून रोख रक्कम घेतली आणि डॅलसला परत येऊन दुकान घातले. आमची पेढी व्यवहारातल्या चुकीच्या हिशेबावर उभी राहिली आहे, असे स्टॅन्ली पुढे आयुष्यभर सांगत आले.

दुकान १० सप्टेंबर १९०७ रोजी उघडले. नंतर काही आठवड्यांतच अमेरिकेत मोठी आर्थिक घबराट उसळली आणि बँकांपुढे रांगा लागल्या. मुहूर्ताच्या दृष्टीने याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. शिवाय माल होता स्त्रियांच्या तयार कपड्यांचा. त्या काळी टेक्सासमधील सधन घरांतील स्त्रिया शिंपिणीकडून माप देऊन कपडे शिवून घेत. तयार कपडा म्हणजे हलक्या प्रतीचा, असा समज रूढ होता. हा समज मोडला कॅरी नीमन यांनी. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. पण कापडाचा पोत, शिलाईची धाव, आतल्या बाजूचे टाके यांची त्यांना असलेली पारख विलक्षण होती. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी स्वतः निवडून आणलेला पहिला माल काही आठवड्यांत संपला. घबराटीच्या त्या वर्षात दुकान केवळ तगले नाही, तर त्याचा जम बसला. पुढे १९१३ साली आग लागून बहुतेक माल भस्मसात झाला. अवघ्या सतरा दिवसांत तात्पुरत्या जागेत विक्री सुरू झाली आणि पुढच्या वर्षी मेन व एर्वेच्या कोपऱ्यावरची नवी इमारत उभी राहिली.

मार्कस कुटुंब हे ज्यू. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अनेक शहरांत कापडाची नामांकित दुकाने ज्यू घराण्यांची होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. संख्येने अल्प, व्यापारात अग्रेसर, शिक्षणाबद्दल आस्था आणि समाजात वावरताना आपण वेगळे आहोत याची सतत जाणीव. आपल्या समाजाच्या वाचकांना हे चित्र चटकन ओळखता येईल. स्टॅन्ली शिक्षणासाठी प्रथम अ‍ॅमहर्स्ट येथील महाविद्यालयात गेले, तेव्हा तेथील विद्यार्थी मंडळांची दारे ज्यू मुलांना बंद होती. एक वर्ष काढून ते हार्वर्डला गेले आणि १९२५ साली पदवीधर झाले.

हार्वर्डमध्ये त्यांना लागलेले वेड कपड्यांचे नव्हते, पुस्तकांचे होते. दुर्मीळ ग्रंथ टपालाने विकण्याचा छोटासा धंदा त्यांनी विद्यार्थिदशेतच चालवला होता आणि पुढेही ग्रंथव्यवसायातच राहावे असा त्यांचा मनोदय होता. वडिलांनी रागावून, हट्ट धरून किंवा आईचे नाव पुढे करून त्यांना वळवले नाही. त्यांनी हिशेब मांडला. दुकानातून इतके उत्पन्न मिळेल की हवी तेवढी पुस्तके तुला विकत घेता येतील. पुस्तकांच्या धंद्यातून ती मिळतीलच असे नाही. मुलाची दुसरी शंका अधिक गंभीर होती. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाचे मन राखावे लागते. मग आपली राजकीय मते उघडपणे मांडण्याचे स्वातंत्र्य राहील काय? वडिलांनी ते राहील असे वचन दिले. या वचनाची किंमत पुढे पेढीला अनेकदा मोजावी लागली. वडिलांनी आणि नंतर मुलानेही ती मोजली, हे या घराण्याचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयात एक वर्ष काढून १९२६ साली स्टॅन्ली घरी परतले आणि दुकानात रुजू झाले.

दुकानात त्या वेळी सारे आलबेल नव्हते. थोरला मुलगा आला की जुन्या भागीदाराच्या मनात जी पाल चुकचुकते, ती आत्याचे यजमान नीमन यांच्याही मनात चुकचुकत होती. स्वभाव जुळत नव्हते, मते जुळत नव्हती. त्यातच नीमन यांचे वर्तन कॅरी यांना सहन होण्यापलीकडे गेले आणि १९२८ साली दोघांचा घटस्फोट झाला. हर्बर्ट मार्कस यांनी मेहुण्याचा हिस्सा सुमारे अडीच लाख डॉलरना विकत घेतला. पाटीवरचे नाव काढण्याचा प्रश्न आला असता तर तो सहज सुटला असता. पण वीस वर्षांत त्या दोन नावांवर गिऱ्हाइकाचा जो विश्वास बसला होता तो फोडायचा नाही, असे ठरले. कॅरी यांनीही नीमन हे आडनाव सोडले नाही. भाऊ आणि बहीण पुढे अखेरपर्यंत एकाच पेढीवर बसले. अब्राहम नीमन यांना मात्र पुन्हा तसे यश लाभले नाही. १९७० साली टेक्सासमधल्याच एका वृद्धाश्रमात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे आडनाव देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित दुकानांपैकी एकाच्या दारावर झळकत होते. भागीदारी मोडण्याच्या अनेक कथा आपण ऐकतो. पण ज्याचा हिस्सा गेला त्याचे नाव मागे राहिले, अशी कथा विरळाच.

स्टॅन्ली यांचे खरे शिक्षण सुरू झाले ते वडिलांच्या शेजारी उभे राहून. त्यातला एक प्रसंग त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडिंग द स्टोअर’ या आत्मकथनात नोंदवला आहे. व्यापारी घरातील प्रत्येक तरुणाने तो समजून घ्यावा असा आहे. एका श्रीमंत घरातील तरुणीने हाताने विणलेल्या नाजूक लेसचा पोशाख नेला, एका समारंभात तो मनसोक्त वापरला, आणि चुरगळलेल्या, फाटलेल्या स्थितीत परत आणून पैसे मागितले. माल सदोष नव्हता. वापरणारी निष्काळजी होती. स्टॅन्ली यांचा व्यवहारी संताप अनावर झाला. ज्याने पोशाख बनवला तो नुकसानीचा एक पैसाही देणार नाही, असे ते वडिलांना म्हणाले. वडिलांनी शांतपणे समजावले की ही बाई व्यवहार करते आहे तो आपल्याशी, बनवणाऱ्याशी नव्हे. एवढी खरेदी करू शकणारे नवे गिऱ्हाईक मिळवायचे तर दोनशेहून अधिक डॉलर खर्च येतो. हा पोशाख आपल्याला पडला पावणेदोनशेला. तेव्हा पैसे परत करायचे, आणि तेही हसतमुखाने. त्या बाईने पुढील आयुष्यात या दुकानातून पाच लाखांहून अधिक डॉलरची खरेदी केली.

हा प्रसंग सांगताना लोक पाच लाखांच्या आकड्यावर थांबतात. माझ्या मते त्यातला महत्त्वाचा शब्द ‘हसतमुखाने’ हा आहे. पैसे परत देणारे दुकानदार आपल्याकडेही आहेत. पण देताना कपाळाला अशी काही आठी घालतात की गिऱ्हाईक पैसे घेऊन जाते आणि परत येत नाही. म्हणजे रक्कमही गेली आणि गिऱ्हाईकही गेले. हर्बर्ट मार्कस यांनी खर्च केलेल्या पावणेदोनशे डॉलरांचे चीज झाले ते त्या हसण्यामुळे. दुसरे असे की वडिलांचा हा उदारपणा हिशेबावर बसवलेला होता. नव्या गिऱ्हाइकाला किती खर्च येतो हा आकडा त्यांच्यापाशी तयार होता. किती पेढ्यांवर तो तयार असतो?

याच वडिलांचा आणखी एक नियम होता : गिऱ्हाइकाच्या दृष्टीने जी खरेदी चांगली नाही, ती आपल्या दृष्टीने चांगली विक्री नाही. न शोभणारा कपडा महाग असला तरी घालू द्यायचा नाही. लहान गरजेसाठी आलेल्याच्या गळ्यात मोठी वस्तू बांधायची नाही. स्टॅन्ली हे अध्यक्ष झाल्यावरही दुकानाच्या मजल्यावर हिंडत, गिऱ्हाइकांना नावाने ओळखत, त्यांना पत्रे लिहीत आणि वेळप्रसंगी स्वतः विक्रीला उभे राहत.

वडिलांची शिस्त आणि आत्याची पारख हा वारसा झाला. स्टॅन्ली यांनी त्यात भर घातली ती प्रसिद्धीच्या कलेची. डॅलस हे त्या वेळी कापूस आणि गुरांच्या व्यापाराचे शहर. फॅशन म्हणजे न्यूयॉर्क आणि पॅरिस, हे समीकरण पक्के होते. दुकानातच दर आठवड्याला नव्या कपड्यांचे प्रदर्शन भरवण्याची प्रथा त्यांनी तरुणपणीच सुरू केली. १९३० साली पूर्व टेक्सासमध्ये तेलाचा प्रचंड साठा सापडला. देश मंदीत बुडालेला असताना या प्रांतात काल शेतकरी असलेली माणसे आज लक्षाधीश होऊ लागली. या नव्या श्रीमंतांना पैसा होता, पण तो कसा खर्चावा याची दीक्षा कोणी दिलेली नव्हती. इतर दुकानदारांनी त्यांना लुबाडले असते. नीमन मार्कसने त्यांना अभिरुची शिकवली. अर्थात त्यातून नफाही झाला; परंतु शिकवलेले गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हेही सिद्ध झाले. १९३४ साली पेढीने राष्ट्रीय पातळीवरील फॅशन मासिकांत जाहिराती द्यायला सुरुवात केली. पूर्व किनाऱ्याबाहेरच्या दुकानाने असे धाडस करण्याची ही नवलाई होती. १९३८ पासून फॅशन क्षेत्रातील कर्तबगारीसाठी पेढीने वार्षिक पुरस्कार ठेवला. १९४७ साली तो स्वीकारण्यासाठी पॅरिसचे क्रिस्तियाँ दिओर डॅलसला आले, १९५७ साली कोको शानेल आल्या. पुरस्कार देणारे एक दुकान आणि घ्यायला येणारे जगातले पहिल्या प्रतीचे कलावंत! मान देऊन मान कसा मिळवावा, याचा हा वस्तुपाठच होता.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्यांना कापड बचतीच्या कामी बोलावले. घागऱ्याचा घेर, बाह्यांची लांबी, खिशांची संख्या यांवर मर्यादा घालून सैन्यासाठी कापड वाचवायचे, असा तो उद्योग होता. अधिक कापड खपण्यात ज्याचा फायदा, त्याच व्यापाऱ्याने कमी कापडात शोभा कशी आणावी हे सांगायचे होते, आणि त्यांनी ते मनापासून सांगितले.

डिसेंबर १९५० मध्ये हर्बर्ट मार्कस निवर्तले. पंचेचाळीस वर्षांचे स्टॅन्ली अध्यक्ष झाले. आत्या कॅरी संचालक मंडळाच्या प्रमुख झाल्या आणि १९५३ साली त्याही गेल्या. एडवर्ड, हर्बर्ट आणि लॉरेन्स हे तिन्ही धाकटे भाऊ पेढीतच होते. पुढली वीस वर्षे हा दुकानाचा सुवर्णकाळ. १९५७ साली ‘फॉर्टनाइट’ नावाचा पंधरवडा सुरू झाला. एखादा परदेश निवडायचा, तेथील कापड, भांडी, चित्रे, खाद्यपदार्थ, कारागीर असे सारे आणून दुकानाचा दर्शनी भागच त्या देशाच्या रूपात सजवायचा. पहिला मान फ्रान्सचा होता. त्याच वर्षी दुकानाला पन्नास वर्षे झाली होती. शरद ऋतूतील हा काळ कपड्यांच्या दुकानात एरवी मंदीचा. पण या दोन आठवड्यांत नुसते बघायला म्हणून दूरदूरच्या गावांतून माणसे येत, आणि बघायला आलेला माणूस रिकाम्या हाताने क्वचितच परततो. एका वर्षी ठरलेला देश ऐन वेळी मागे सरला, तेव्हा त्यांनी कादंबरीतल्या रुरिटानिया नावाच्या काल्पनिक देशाचाच पंधरवडा साजरा केला.

नाताळच्या सूचिपुस्तिकेची कीर्ती याहून मोठी. १९६० पासून तिच्यात पती आणि पत्नी या दोघांसाठी जोडीची एक अफाट भेटवस्तू असे. पहिल्या वर्षी दोन विमाने. पुढे चिनी शिडाच्या नौका, छोट्या पाणबुड्या, उंट. त्यांतल्या फारच थोड्या विकल्या जात. मात्र यंदा नीमन मार्कसने काय आणले, ही बातमी देशातील वर्तमानपत्रे फुकट छापत, आणि पुस्तिका चाळणारा वाचक विमान न घेता रुमालांचा डबा मागवी. एका तेलसम्राटाला नाताळच्या तोंडावर पत्नीसाठी काय न्यावे ते सुचेना, तेव्हा स्टॅन्ली यांनी एक भला मोठा काचेचा पेला घेतला, त्यात रंगीबेरंगी उंची लोकरी स्वेटर सरबताच्या थरांसारखे भरले, वर साय शोभावी असा पांढऱ्या लोकरीचा थर दिला आणि चेरीच्या जागी रत्नजडित अंगठी ठेवली. गिऱ्हाईक खूश होऊन गेले. विकायचा होता तो सारा माल दुकानात आधीच होता. नवी होती ती फक्त मांडणी.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या दुकानाच्या उत्पन्नात प्राण्यांच्या कातड्यांच्या मौल्यवान कोटांचा मोठा वाटा होता, आणि स्टॅन्ली हे त्या मालाचे नामांकित जाणकार व विक्रेते होते. १९५९ च्या पुस्तिकेत तर एक बैल जिवंत वा मांसाच्या रूपात, जसा हवा तसा, घरपोच मिळण्याची सोय होती. अहिंसेचा संस्कार घेऊन पेढीवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हा भाग वाचताना थबकायला होते आणि ते योग्यच आहे. काय विकायचे याची आपली रेघ त्यांच्याहून वेगळ्या ठिकाणी पडते. कसे विकायचे, एवढ्यापुरतेच त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

वडिलांनी दिलेल्या मतस्वातंत्र्याच्या वचनाकडे आता वळू. १९५० व ६० च्या दशकांत डॅलस हे अमेरिकेतील कडव्या राजकीय मतांचे ठाणे होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातील अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडले स्टीव्हन्सन तेथे भाषणाला आले. बाहेर जमलेल्या विरोधकांपैकी एकीने त्यांच्या डोक्यावर फलक हाणला. त्यांना गर्दीतून ओढून मोटारीत बसवणारे होते स्टॅन्ली मार्कस. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी या वातावरणात डॅलसला येऊ नये, असे त्यांनी वरपर्यंत कळवले होते. महिन्याभरातच त्याच शहरात केनेडी यांची हत्या झाली. साऱ्या जगाचे बोट डॅलसकडे वळले. १ जानेवारी १९६४ रोजी स्थानिक वर्तमानपत्रांत नीमन मार्कसची जाहिरात आली. तिच्यात एकही कपडा नव्हता. ‘डॅलसमध्ये चांगले काय आहे?’ अशा अर्थाचा मथळा देऊन स्टॅन्ली यांनी शहराच्या गुणांबरोबरच त्याच्या असहिष्णुतेवरही बोट ठेवले होते आणि भिन्न मतांचा आदर करण्याचे आवाहन केले होते. अनेकांनी अभिनंदन केले. काहींनी दुकानातील आपली खाती बंद केली.

असे पुन्हा घडले. लांब केस ठेवले म्हणून शाळेने तीन मुलांना प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांची बाजू घेतल्याबद्दल गिऱ्हाइकांनी रोष धरला. कृष्णवर्णीयांना दुकानात समान वागणूक मिळावी, यासाठी डॅलसच्या व्यापाऱ्यांत पुढाकार घेणाऱ्यांत ते होते. १९६८ साली त्यांनी माल पुरवणाऱ्या कंपन्यांना पत्र धाडले : जी कंपनी अल्पसंख्याकांना नोकरीत घेण्याचा खरोखर प्रयत्न करील, तिला आमच्या खरेदीत प्राधान्य मिळेल. व्यापाऱ्याने राजकारणात पडू नये, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला शहाणपणाचाच आहे, आणि दहापैकी नऊ वेळा तो पाळावा. परंतु स्वतः महाविद्यालयात दारे बंद झालेली पाहिलेल्या माणसाने दहाव्या वेळी गप्प बसावे अशी अपेक्षा करणे कठीण. बंद झालेल्या खात्यांनी दुकान बुडाले नाही, हेही खरे.

१९ डिसेंबर १९६४ च्या पहाटे, नाताळ सहा दिवसांवर असताना, मुख्य दुकानाला पुन्हा आग लागली. हानी एक कोटी डॉलरच्या घरात होती. काही आठवड्यांतच दुकान पुन्हा उभे राहिले. दुकान जळाले म्हणून हे घराणे कधी खचले नाही. त्याला हार पत्करावी लागली ती अगदी निराळ्या कारणाने.

कारण भांडवलाचे होते. टेक्सासबाहेर, मोठमोठ्या शहरांत शाखा काढायच्या तर घरच्या पैशांवर ते शक्य नव्हते. चार भाऊ, त्यांची मुले, प्रत्येकाच्या गरजा वेगळ्या, वारसाकराची टांगती तलवार. १९६८ साली मार्कस कुटुंबाने पेढी कॅलिफोर्नियातील ब्रॉडवे-हेल या मोठ्या दुकानसमूहात विलीन करण्याचे ठरवले. पुढच्याच वर्षी व्यवहार पूर्ण झाला. स्टॅन्ली प्रमुखपदी राहिले, समूहातही वरच्या जागी गेले. पण मालक उरले नाहीत. आधी रात्री घरी जाताना ठरवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी अमलात येई; आता तिच्यासाठी आकडेवारी आणि समित्या लागू लागल्या. १९७५ साली ते निवृत्त झाले. त्यांचे चिरंजीव रिचर्ड पुढे प्रमुख झाले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेही पायउतार झाले. त्यानंतर त्या खुर्चीवर मार्कस आडनावाचा माणूस बसला नाही.

हा व्यवहार चुकला काय? स्टॅन्ली यांनी विक्रीचे समर्थनच केले, कारण त्यामुळेच दुकान देशभर पसरले. मात्र निवृत्तीनंतरच्या त्यांच्या लेखनात एक खंत पुन्हा पुन्हा डोकावते. १९७९ सालच्या ‘क्वेस्ट फॉर द बेस्ट’ या पुस्तकात ते म्हणतात त्याचा आशय असा की, मालाचा दर्जा खालावतो कारण ज्याचे नाव दुकानावर आहे तो दुकानात नसतो. मालक मजल्यावर हिंडत असला की सैल झालेले बटण त्याच्या नजरेला पडते. पगारी व्यवस्थापकाच्या नजरेपुढे तिमाहीचा आकडा असतो. माझे मत विचाराल तर त्यांना दुसरा मार्ग फारसा नव्हता. पण विकण्याचा निर्णय आणि विस्ताराचा निर्णय हे दोन निराळे आहेत, हे त्या धांदलीत कोणी वेगळे करून पाहिले होते काय, असा प्रश्न मनात येतो. पाच-सहा उत्तम दुकाने घेऊन टेक्सासातच राहणे हाही एक मार्ग होता.

पुढची हकीकत थोडक्यात पुरे. पेढी एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. २००५ मध्ये गुंतवणूकदार संस्थांनी ती पाच अब्जांहून अधिक डॉलरना घेतली, २०१३ मध्ये सुमारे सहा अब्जांना ती पुन्हा विकली गेली, आणि खरेदीसाठी काढलेले कर्ज प्रत्येक वेळी पेढीच्याच डोक्यावर बसत गेले. मे २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, सुमारे पाच अब्ज डॉलरच्या बोजाखाली नीमन मार्कसने न्यायालयात दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. त्यातून बाहेर पडल्यावर २०२४ मध्ये सॅक्स या प्रतिस्पर्धी दुकानाच्या मालकांनी ती २.६५ अब्जांना घेतली. हर्बर्ट मार्कस यांच्या वहीत अशी उधारी कधी चढली नसती.

स्टॅन्ली मार्कस यांना हे शेवटचे अध्याय पाहावे लागले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी दुकानदारांना सल्ला देण्याचे काम केले, १९८४ पासून ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’ या वर्तमानपत्रात ते अनेक वर्षे नेमाने सदर लिहीत राहिले, आणि २२ जानेवारी २००२ रोजी वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वडिलांनी १९२६ साली मांडलेला हिशेब तेवढा तंतोतंत खरा ठरला. दुकानाने त्यांना पुस्तके घेण्यापुरता पैसा दिला. त्यांनी आयुष्यभर ग्रंथ जमवले, तळहातावर मावतील अशा चिमुकल्या पुस्तकांचा मोठा संग्रह केला, आणि उतारवयात तशी पुस्तके छापणारे एक छोटेसे मुद्रणगृहही चालवले. त्यांची कागदपत्रे आणि ग्रंथसंपदा डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तेथून मेन आणि एर्वेचा तो कोपरा काही मैलांच्याच अंतरावर आहे.